झुलीखालचं इंजिन

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके तुम्ही पाहिले नसतील आणि पुढेमागे जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगते. तिथल्या खानावळीत बसून ‘रेल्वे’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नका. पुण्याहून नाशिकला जाणारी रेल्वे इथून जाणार अशी बोलणी तिथे इतकी वर्षं चालू आहेत की लोक तिला ओळखतात, आणि ती अजून आलेलीच नाही. कधी ती ह्या शिवारातून जाते, कधी त्या. मधेच कुणाच्या तरी वावरात मोजणीचा खांब रोवला जातो आणि ते घर पुढचे कितीतरी दिवस नीट झोपत नाही. हे मला माहीत नव्हतं. मी तिथे रेल्वे इंजिन बघायला गेले होते.

इंजिन म्हणजे नॅरोगेजचं, दोन रुळांमध्ये जेमतेम दोन फूट अंतर असतं त्या जातीचं. अशा इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्या, त्या घरात रुळांवर चालवणाऱ्या लोकांचा फोनवर एक गट आहे. मी त्यात बरीच वर्षं आहे आणि कधी काही लिहीत नाही. माझा फोटोही तिथे नाही. माझी रेल्वे एका फळीवर आहे आणि ती फळी पलंगाखाली सरकते. दरवर्षी गटात एकच रडगाणं असतं: कुणीतरी अमुक इंजिन बनवावं, तमुक बनवावं. परदेशी कंपन्या आपापल्या देशांतली बनवतात, आपल्याकडचं फार तर एखाददुसरं प्रसिद्ध. या वर्षी मात्र दक्षिणेतल्या एका माणसाने, जो घराच्या मागे छोटं वर्कशॉप चालवतो, गटाला कळवलं की तो एका भारतीय इंजिनाचा साचा करणार आहे. ज्याची पक्की मापं महिनाअखेर त्याच्या हातात येतील, त्याचा. नाही आली तर परदेशातलंच जुनं इंजिन तो पुन्हा नव्या रंगात काढणार.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या प्राचीने मला तिच्या मावशीकडचा एक जुना फोटो दाखवला. पोळ्याचा होता. लाल झूल, आरसे, गोंडे, कपाळावर बेगड. आणि झुलीखालून दोन लोखंडी चाकं दिसत होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा गटात काहीतरी टाकलं, ते म्हणजे हा फोटो. गटातले सगळ्यांत जुने सभासद, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी लगेच लिहिलं: “हे चित्र संगणकाने केलेलं वाटतं. आणि पाठवणाराही.” खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. मी फोन उलटा ठेवला आणि प्राचीकडून तिच्या मावशीचा पत्ता घेतला. घरी सांगितलं, प्राचीच्या मावशीकडे चाललेय. अर्धं तर खरंच होतं.

ओतूर

शैलामावशी अंगणवाडीत काम करतात आणि त्यांची मीटिंग लांबली, म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या खानावळीत एकटीच जेवायला बसले. मासवडी मागवली. ताटात आली तेव्हा मी ती काट्याने उलटीपालटी करून पाहिली, कारण नावावरून मला शंका होती. आत मासा नव्हता. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण, आणि सोबत असा रस्सा की डोळ्यांतून पाणी आलं. मालक बघत होते.

“कुनाच्या इथं पावणं?” त्यांनी विचारलं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला येतं, पण अनोळखी माणसाशी बोलताना मी वाक्य आधी मनात तयार करते, आणि मग ते सरकारी पत्रासारखं बाहेर पडतं. मी म्हणाले, “मला एका जुन्या रेल्वे इंजिनाची मोजमापं घ्यायची आहेत.”

शेजारच्या टेबलावर तिघे जण टोमॅटोच्या भावावरून बोलत होते, ते थांबले. मालकांनी स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

“कुठून कुठवर घेनार मापं?”

“पुढून मागपर्यंत.”

“म्हंजी समदंच,” ते म्हणाले आणि आत गेले.

त्या तिघांपैकी एक जण फोन वाचत असल्यासारखा धरून बसला होता. फोनची पाठ माझ्याकडे होती. पुण्यात मी उठून गेले असते. इथे मी रस्सा संपवला, कारण उठून कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं.

मावशी आल्या, पैसे देऊन त्यांनी मला स्कूटरवर बसवलं. संध्याकाळी त्यांनी हसत हसत स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. गावाच्या गटावर माझा फोटो होता. गाल मासवडीने फुगलेला, डोळे पाण्याने भरलेले. खाली लिहिलं होतं: ‘रेल्वेची मॅडम गावात आली हाय. सातबारा कुनी दाखवू नये.’

“आता तुला सगळे ओळखतात,” मावशी म्हणाल्या. “एकदम सोपं झालं.”

मला ते सोपं वाटलं नाही. मी आणखी एक चूक केली होती. श्रावणातला पोळा होऊन गेलाय, तेव्हा इंजिन आता मोकळं असेल, असा हिशेब करून मी आले होते. मावशींनी सांगितलं की त्यांच्याकडे पोळा भादव्यात करतात. तो आठवड्यावर आला होता, आणि घरोघरी शिंगांचे रंग येऊन पडले होते.

वस्तीवर

ही वस्ती येडगाव धरणाच्या पाण्यापलीकडे कुठेतरी आहे. याहून जास्त मी सांगणार नाही, तसं कबूल करून आलेय. वाटेत बांबू-सुतळीवर चढवलेले टोमॅटो, झेंडूचे पिवळे पट्टे, आणि जिथेतिथे ऊस. उसाजवळ आलं की मावशी हॉर्न वाजवत होत्या. बिबट्या बसलेला असतो म्हणे. मीही मग प्रत्येक उसाकडे संशयाने बघायला लागले. एका बांधावर पांढरा रंग दिलेला खांब होता. त्याला कुणीतरी शेण फासलं होतं.

सुनंदाबाईंचं घर दोन खोल्यांचं, मागे मेंढरांचा वाडा. घरातले पुरुष मेंढरांमागे गेले होते. सुनंदाबाई पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर पदर घट्ट. कुत्र्याला त्यांनी ‘गप’ म्हटलं, पण बांधलं नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी आधी फोन काढला, त्यावरचा माझा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

“मालकानं धाडलं का तुला?”

“कोणत्या मालकाने?”

“ज्यानं हे ठिवलंय.”

मावशींनी मध्ये पडून मी कोण ते सांगितलं. त्यातलं किती पोचलं कुणास ठाऊक, पण त्या आम्हाला मागे घेऊन गेल्या.

आणि ते होतं. पत्र्याच्या उतारवजा छपराखाली, निम्मी चाकं मातीत रुतलेलं, माझ्या खांद्याएवढं उंच, लांबट पेटीसारखं डिझेल इंजिन. चालक जिथे बसायचा त्या जागेला लोखंडी जाळी आणि दाराला कडी. आत तीन-चार दिवसांचं कोकरू झोपलं होतं. नवी कोकरं रात्री इंजिनात कोंडतात. बिबट्याने एकदा जाळीवर पंजे मारले होते, त्याचे ओरखडे दाखवले. छपराचे खांब पाहिले तर ते रूळ होते, उभे पुरलेले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर गेली ती पुढच्या पत्र्यावरच्या चौकोनाकडे. तिथे बनवणाऱ्याची पाटी असते. पाटी नव्हती. चार भोकं होती, आणि त्यांच्या कडांवरचा गंज ताजा खरवडलेला. दादांचं वाक्य मला आठवलं. पाटी कुणी काढली, का काढली, हे इंजिन खरंच इथलं आहे का, हे प्रश्न एकामागून एक आले आणि मी एकही विचारला नाही.

सुनंदाबाई मोकळ्या होत गेल्या तसं बाकीचं कळलं. कालव्यासाठी डोंगरातून बोगदा काढत होते तेव्हा फुटलेला दगड याच इंजिनाने बाहेर ओढला होता. चालवायचे त्यांचे सासरे. काम संपल्यावर ठेकेदाराने बाकीची यंत्रं ट्रकवर चढवली. हे बंद पडलेलं. ‘सांभाळ, नंतर नेतो’ म्हणाला आणि परत आला नाही. सासऱ्यांनी ट्रॅक्टरला बांधून ते ओढत इथे आणलं. दारात बैल कधीच नव्हता. पहिल्या पोळ्याला शेजारी बैल सजवायला लागले तेव्हा सासरे म्हणाले, आपण खाल्लं याच्या जिवावर, मग झूल यालाच. तेव्हापासून दर पोळ्याला नवी झूल आणि पुरणपोळीचा नैवेद्य. पोळी इंजिनाच्या नाकावर ठेवतात आणि ती शेवटी कुत्रा खातो.

“आन् तू हे बारकं करून काय करनार?”

“रुळावर चालवणार. घरात.”

“घरात रूळ?” त्यांनी मावशींकडे पाहिलं. “हिचं लगीन ठरलंय का?”

मावशी म्हणाल्या, अजून नाही. सुनंदाबाईंनी ‘तरीच’ अशा अर्थाने मान हलवली.

मग मी पिशवीतून टेप काढला, आणि त्यांचा चेहरा बंद झाला. दार लावावं तसा.

“त्यो आत ठेव.”

“फक्त इंजिन मोजायचं आहे.”

“आमच्या जागंत टेप लावायचा न्हाई. फोटू काढ किती बी. फोटूनं जमीन जात न्हाई. टेपनं जाती.”

मी टेप आत ठेवला आणि फोटो काढले. पण फोटोवरून माप पक्कं निघत नाही. कॅमेरा किंचित तिरका असला तरी सगळं बिघडतं, आणि त्या दक्षिणेतल्या माणसाने तसं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून त्या चहा टाकायला वळल्या तेव्हा मी इंजिनाला टेकून उभी राहिले आणि मागे हात नेऊन वितीने मोजायला लागले. एक वीत, दोन, तीन.

“बोटं मोजतीस व्हय?” त्या दारातूनच म्हणाल्या. पाठ माझ्याकडे होती तरी.

मी हात पुढे घेतले. चहा गोड होता, आणि मी तो दोन्ही हातांनी कप धरून प्यायले. कुत्रा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. सोडायला की घालवायला, ते मला कळलं नाही.

बेल्हे

मावशी माझ्याहून हुशार. परतताना म्हणाल्या, “झूल शिवायला माप लागतं की नाही? मग ते कुणाकडे असेल?” दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता.

पोळ्याच्या आधीचा बाजार असल्याने टेम्पो रस्त्यापर्यंत लागले होते. बैल धुतलेले, काहींची शिंगं ओल्या रंगाची. दोन व्यापारी एकमेकांचा हात धरून उभे होते आणि हातांवर टॉवेल टाकलेला होता. मला वाटलं एकाचं काहीतरी दुःखद झालंय आणि दुसरा धीर देतोय. मावशींनी सांगितलं, सौदा चाललाय. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. आल्यापासून पहिल्यांदा मला त्या भागातल्या लोकांची पद्धत मनापासून पटली.

झुली शिवणारे चाचा जुन्नरचे. टेम्पोच्या मागच्या फळीवर दुकान: झुली, बैलांच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या, गोंडे, घुंगरांच्या माळा. इंजिनाची झूल म्हणताच ते खुलले. तसली झूल अख्ख्या मुलखात आपण एकटेच शिवतो, वडिलांपासून, आपल्यामुळेच ते इंजिन प्रसिद्ध आहे, असं बरंच काही. नवी झूल तयारच होती. त्यांनी ती अर्धी उलगडली आणि मी जरा वाकले, तर पटकन परत गुंडाळली.

“नमुना न्यायला आलीस तू. पुन्याला मशिनवर छापनार.”

रेल्वेवाली झाले, मालकाची हस्तक झाले, आता नक्कल करणारी. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, यावेळी शक्य तेवढं साधं. चाचांनी ऐकून घेतलं. मग मावशी गोंडे बघायला गेल्या तसे ते पुढे वाकले.

“काढ तुझा टेप. लौकर मोज. त्या वस्तीवरच्या बाईला कशाला सांगायचं?”

मी टेप काढला. खरंच काढला. एका मिनिटाचं काम होतं, आणि महिनाअखेर आली होती. पण मला खानावळीतला तो फोन आठवला, आणि माझा फुगलेला गाल. न विचारता घेतलेलं काही त्या माणसाला नंतर कसं दिसतं, ते मला दोनच दिवसांपूर्वी कळलं होतं. शिवाय चाचा इतक्या सहज का देतायत, हाही संशय होताच. आज मला देतील, उद्या आणखी कुणाला.

मला फोन करायला आवडत नाही. ओळखीच्यांनाही मी मेसेज करते. मी चाचांना म्हणाले, तुम्ही सुनंदाबाईंना लावा.

त्यांनी वैतागून लावला, आणि स्पीकरवर टाकला. शेजारी बैल हंबरत होते. मी जवळ जाऊन विचारलं, झुलीचं माप घेऊ का.

“अजून घेतलं न्हाईस?” सुनंदाबाई म्हणाल्या.

“नाही.”

“खांबवाल्यांनी आदी खांब ठोकला, मग इचारलं. नवीला हात लावू नको. पोळ्याआदी नव्या झुलीला परक्याचा हात चालत न्हाई. जुनी हाय घरात. ती ने. झूल काय जमीन न्हाई.”

पुन्हा वस्तीवर

सुनंदाबाईंनी आधी माझी पिशवी पलंगावर ओतायला लावली. पाण्याची बाटली, टेप, वही, बिस्किटं, छत्री. वही चाळली. तिच्यात फक्त चाकांची चित्रं होती. मग आतून गेल्या वर्षीची झूल आणली. डिझेल, मेंढरं आणि पावसाळी लोकर असा मिळून तिला वास होता. ती गोधडीत जायची होती.

मी धीर करून पाटीचं विचारलं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.

“मीच काढली, औंदा रेल्वेचा खांब ठोकला तवा. कोन कुटून येऊन म्हनंल, हे आमचं. कोकरं कुटं ठिवू मी?”

पाटी कुठे आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

“जे बारकं इंजिन करशील ते आदी मला दाव,” त्या म्हणाल्या. “मग बाकीच्यांना.”

पुणे

घरी कुणी नसताना मी झूल हॉलमध्ये पसरली आणि माझा धीर सुटला. चाचा बैलाच्या हिशेबाने शिवतात, सगळीकडे ढिली. शिवाय एका बाजूला जोड लावलेला. हे माप पाठवलं असतं तर इंजिन म्हैस झालं असतं.

मग मी ती उलटी केली. गेल्या वर्षी पोळ्यानंतर ती बरेच दिवस इंजिनावरच राहिली असणार आणि वरून छप्पर गळत असणार, कारण आतल्या अस्तरावर गंजाने इंजिन उमटलं होतं. कडा, बिजागऱ्या, डिझेल ओतायच्या झाकणाचं वर्तुळ, ओळीने बोल्टची टोकं, आणि समोर पाटीच्या जागेचा चौकोन. जिथे लोखंड कापडाला टेकलं होतं तिथे तपकिरी रेघ, मूळ आकाराची. मी गुडघ्यांवर बसून दिवसभर मोजत होते. फोटोंशी ताडून पाहिलं. जुळत होतं.

मापं पाठवली. गटात दादांनी विचारलं, मापं कुठून मिळाली? मी लिहिलं, झुलीवरून. त्यांनी लिहिलं, झूल खरी कशावरून? मी झुलीच्या आतल्या बाजूचा फोटो टाकला आणि शेजारी टेप ठेवला. हसरे चेहरे आले नाहीत. बऱ्याच वेळाने दादांनी लिहिलं, “बोल्टची ओळ बरोबर वाटते.” त्यांच्याकडून एवढंच मिळतं. बनवणाऱ्याची पाटी कुठाय, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. बोगद्याचं नाव सांगितलं नाही, वस्तीचंही नाही. त्यामुळे माझ्यावरचा संशय अजून गेलेला नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

दक्षिणेतल्या माणसाने साचा करायचं ठरवलं. मागच्या आठवड्यात त्याच्याकडून पहिला नमुना आला, तळहातावर मावणारा, अजून रंग न दिलेला. पुढच्या चौकोनात अक्षरं नाहीत, फक्त चार बारीक भोकं, तसं मीच कळवलं होतं. पलंगाखालून फळी ओढून मी तो रुळावर ठेवला, खिडकीजवळ उजेडात फोटो काढला आणि गटाच्या आधी सुनंदाबाईंना पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर संध्याकाळी, मागे कोकरांचा आवाज असलेलं.

“इंजिन हाय आमचंच. पन त्ये खालचं रूळ काढ आदी. मग बघते.”

मी इंजिन रुळांवरून उचललं, घडी घातलेल्या जुन्या झुलीवर ठेवलं, आणि पुन्हा फोटो काढला.